खोक्यावरचं यान आणि हातातला ठोकळा



बाजारात मालदांडी ज्वारी घ्यायची म्हटलं की आपण पोत्यावरचं नाव वाचून थांबत नाही. मूठभर दाणे हातावर घेतो, एखादा दाताखाली धरतो आणि मगच भाव विचारतो. चादर घेताना ती उजेडाकडे धरून वीण बघतो, ओला रुमाल कोपऱ्यावर घासून रंग सुटतो का तेही बघतो. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बाईला माल पारखायला कुणी शिकवावं लागत नाही. पण तीच बाई यात्रेत लेकरासाठी खेळणं घेते, तेव्हा खोक्यावरचं चित्र बघून पैसे काढून देते. आज आपण त्या खेळण्याच्या पारखीबद्दल बोलू.

संक्रांत जवळ आली आहे. सिद्धेश्वर महाराजांच्या यात्रेत नंदीध्वज निघतील, होम मैदानावर गड्डा भरेल. पाळणे, भांड्यांची दुकानं आणि खेळण्यांच्या रांगा लागतील. आधी लेकरं पिपाणी आणि भिंगरीवर खूश व्हायची. आता ती यान मागतात, रोबोट मागतात. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चं विक्रम लँडर चंद्रावर उतरलं आणि खेड्यापाड्यातल्या पोरांच्या तोंडी रोव्हर, लँडर हे शब्द आले. म्हणून प्लॅस्टिकचे ठोकळे जोडून यान किंवा रोबोट बनवायचे संच आता शहरात आणि यात्रेतही दिसतात.

काही संच खऱ्या यानासारखे असतात, काही विज्ञानकथेतले असतात. विज्ञानकथा म्हणजे विज्ञानाचा धागा धरून रचलेली गोष्ट. आपल्या मराठीत डॉ. जयंत नारळीकरांनी अशा कथा लिहिल्या. त्यांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह अजून कितीतरी वाचनालयांत मिळतो. अशा गोष्टीतलं यान लेकरू स्वतःच्या हातांनी उभं करतं, ही फार चांगली गोष्ट आहे. म्हणून या खेळण्याला नावं ठेवायची नाहीत, ते नीट पारखून घ्यायचं. कारण यात दोन गोष्टी पणाला लागतात. एक आपल्या लेकराचा जीव आणि दुसरी आपली कष्टाची कमाई.

ठोकळा ठोकळ्यात बसतो कसा?

आधी हे खेळणं काय आहे ते समजून घेऊ. ठोकळ्याच्या वर बोंडासारखे गोल उंचवटे असतात. खालून तो पोकळ असतो आणि पोकळीत नळ्या असतात. वरचा ठोकळा खालच्यावर दाबला की खालची बोंडं वरच्याच्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये घट्ट अडकतात. डिंक नाही, खिळा नाही. प्लॅस्टिक केसाएवढं ताणतं आणि बोंड पकडून ठेवतं. ओढलं की सुटतं.

ही जोडणी डेन्मार्क देशातल्या लेगो या कंपनीने २८ जानेवारी १९५८ रोजी आपल्या नावावर नोंदवली. या कंपनीची सुरुवात बिलुंड नावाच्या लहान गावातल्या एका सुताराने केली. ओले कर्क क्रिस्तियानसेन हे त्याचं नाव. मंदीत सुतारकामाला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून १९३२ मध्ये तो लाकडी खेळणी करू लागला. घरच्या कसबातून धंदा उभा करणं आपल्या गटांनाही नवीन नाही. पुढे प्लॅस्टिकचे ठोकळे आले. १९७८ मध्ये अंतराळवीरांचे संच आले आणि १९९९ मध्ये 'स्टार वॉर्स' या चित्रपटातल्या यानांचे संच आले. १९५८ नंतरचा जुना ठोकळा आजच्या ठोकळ्यावर अजून बसतो. खरी गुणवत्ता ती हीच.

हे जमतं साच्यामुळे. पाडव्याच्या साखरेच्या गाठी कशा करतात ते आठवा. पाक साच्यात ओततात, थंड झाला की गाठी सुटते. ठोकळ्यांचंही तसंच आहे. वितळलेलं प्लॅस्टिक लोखंडी साच्यात जोराने भरतात. साचा झिजलेला असेल तर गाठीला जशी कडेला पापडी येते, तशी ठोकळ्याला धारदार कड येते. प्लॅस्टिक हलकं असेल तर थंड होताना ठोकळा वाकतो किंवा आक्रसतो. चांगल्या कारखान्यात साच्यातला फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी ठेवतात. इतक्या बारीक मापामुळेच एक ठोकळा दुसऱ्याला ना सैल होतो, ना घट्ट.

साधं घर बांधलं तर थोडा सैल ठोकळाही चालून जातो. कारण घरात ठोकळ्यावर ठोकळा असतो आणि वजन सरळ खाली जातं. यानाचे पंख मात्र बाजूला लोंबतात, रोबोटचे हात सांध्यावर फिरतात, तोफ पुढे आलेली असते. सगळा भार त्या एका जोडावर येतो. म्हणून हलक्या मालाची लबाडी घरात लपते आणि यानात उघडी पडते. लेकरू तासभर बसून यान जोडतं, उचलतं आणि पंख गळून पडतो. मग आपण म्हणतो, याला जमत नाही. अहो, लेकराला जमतं. ठोकळाच खोटा असतो.

जोड किती महत्त्वाचा, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. माळशिरस तालुक्यातून नीरा नदी ओलांडली की इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर लागतं. तिथल्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांचे मोठे भाग बनतात. चांद्रयान-३ ज्या अग्निबाणाने गेलं, त्याच्या दोन्ही बाजूंना मोठे बूस्टर असतात आणि त्यांचं कवच एकसंध नसतं, भाग एकमेकांना जोडून उभं केलेलं असतं. तिथे जोडात सैलपणा चालत नाही. आपल्या पोराच्या हातातलं खेळणं त्याला हेच शिकवत असतं, की माप बरोबर असेल तरच वस्तू उभी राहते. पण मापच चुकीचं असेल तर खेळण्याने त्याला शिकवायचं काय?

खोकं काय सांगतं आणि काय लपवतं

चित्रावर जाऊ नका, असं मी का म्हणते? २०१९ मध्ये चीनमध्ये शांघायच्या पोलिसांनी लेपिन नावाने ठोकळ्यांची नक्कल करणाऱ्यांवर धाड घातली. सहा लाखांहून जास्त खोकी सापडली. खोक्यावरचं चित्र हुबेहूब, फक्त 'स्टार वॉर्स'च्या जागी 'स्टार प्लॅन' असं नाव. नक्कल करणाऱ्याला चित्र छापायला काहीच अवघड जात नाही, त्याची खरी परीक्षा साचा आणि प्लॅस्टिक यांत होते.

आपल्या देशातही भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये दिल्ली परिसरातल्या बाजारातून बाहेरदेशी खेळण्यांचे १२१ नमुने घेऊन तपासले. त्यातले सुमारे दोन तृतीयांश नापास झाले. त्यानंतर केंद्र सरकारने खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. तो १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. त्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यावर आयएसआय चिन्ह असलंच पाहिजे, मग खेळणं इथलं असो की बाहेरदेशी. २०२३ च्या जानेवारीत भारतीय मानक ब्यूरोने सांगितलं, की एका महिन्यात चिन्ह नसलेली १८,६०० खेळणी जप्त केली. त्यातली बरीच मोठ्या शहरांतल्या झगमगीत दुकानांत होती. म्हणजे दुकान मोठं म्हणून माल खरा, असंही नाही.

तेव्हा खोकं हातात घेतल्यावर या गोष्टी बघा.

पहिली, आयएसआय चिन्ह. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो. साध्या खेळण्यासाठी आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यासाठी आयएस १५६४४. चिन्हाच्या खाली सीएम/एल या अक्षरांपुढे परवान्याचा आकडा असतो. नुसतं चिन्ह कुणीही छापू शकतं, म्हणून हा आकडा महत्त्वाचा. मोबाइलवर 'बीआयएस केअर' हे ॲप घ्या आणि त्यात हा आकडा टाका. कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. स्वतःला जमत नसेल तर कॉलेजला जाणाऱ्या लेकीला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी, बनवणाऱ्याचं किंवा बाहेरून आणणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, महिना आणि वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन. बाहेरदेशी माल असेल तर कोणत्या देशातला तेही लिहिलेलं असायला हवं.

तिसरी, वय. 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही' असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ लेकरू हुशार आहे की नाही असा नसतो. त्यात बारीक तुकडे आहेत आणि ते घशात अडकू शकतात, असा असतो.

जिवाची बाजू

मैत्रिणींनो, हा भाग नीट ऐका. लहानग्याची श्वासनळी साधारण त्याच्याच करंगळीएवढी असते. खेळणी तपासताना प्रयोगशाळेत एक छोटी नळी वापरतात. तिचं तोंड ३१.७ मिलिमीटर रुंद असतं. जो तुकडा न दाबता त्या नळीत पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलाला धोक्याचा मानतात. आपल्याकडे ती नळी नाही, पण दहा रुपयांचं नाणं आहे. ते २७ मिलिमीटरचं असतं. त्या नाण्याएवढा किंवा त्याच्याहून थोडाच मोठा तुकडा असेल तर तो रांगत्या बाळाच्या वाऱ्यालाही नको. यानाच्या संचातले दिवे, चाकं, माणसाचं डोकं, हातातलं शस्त्र हे सगळं त्यापेक्षा लहान असतं. लहानांसाठी मोठे ठोकळे वेगळे मिळतात. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दुप्पट असलेले असे ठोकळे १९६९ पासून बनतात. बाळासाठी तेच घ्या.

अडचण अशी, की आपल्या घरात खोली एक आणि लेकरं तीन. दहा वर्षांच्या पोराचं यान आणि वर्षाच्या बाळाचं रांगणं एकाच फरशीवर. त्याला एक साधा उपाय आहे. मोठ्याला चादरीवर बसवूनच खेळू द्या. खेळ संपला की चादरीची चार टोकं उचला आणि सगळे ठोकळे झाकणाच्या डब्यात ओता. मग फरशीवरून एकदा हात फिरवा.

एवढं करूनही घशात काही अडकलं, तर लेकरू जोराने खोकत असेल तोवर त्याला खोकू द्या. आवाज निघेना, श्वास घेता येईना, तर लगेच १०८ ला फोन लावायला एकीला सांगा. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं घ्या, डोकं खाली ठेवा आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्या. मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच वेळा दाबा. तुकडा निघेपर्यंत हे आलटून पालटून करा. दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, तुकडा आणखी आत जातो. मोठ्या मुलासाठी पद्धत थोडी वेगळी आहे. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून गटाच्या बैठकीत एकदा सगळ्यांनी करून बघावी.

दुसरा धोका दिव्याच्या यानाचा. त्यात नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली तर दोन तासांत अन्ननळीला आतून गंभीर भाजू शकतं. म्हणून बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद असलेलंच खेळणं घ्या. नखाने उघडत असेल तर घेऊ नका. बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या. लोहचुंबकाचे तुकडे असतील तरी हेच. दोन चुंबक पोटात गेले तर आतडं मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात.

हाताने करायची पारख

आता चादरीसारखी हातपारख. दुकानात एक खोकं उघडून दाखवायला सांगा. सील फोडू देत नसतील तर घरी आल्यावर लगेच करा आणि पावती जपून ठेवा.

दोन ठोकळे जोडा आणि वरचा धरून उचला. खालचा पडायला नको. मग हाताने सोडवा. दात लावावा लागला तर तोही दोषच, कारण लेकरूही दातच लावणार. दहा ठोकळ्यांचा मनोरा करा आणि शेजारी पट्टी धरा. मनोरा एका बाजूला कलत असेल तर माप एकसारखं नाही.

कडेवरून थोडा कापूस फिरवा. तंतू अडकले तर कड धारदार आहे. ओल्या पांढऱ्या कापडाने घासा. रंग लागला तर परत करा. नाकाजवळ धरा. रॉकेलसारखा उग्र वास येत असेल तर नको. मात्र वास नाही, रंग सुटत नाही, म्हणजे विषारी काही नाहीच, असं समजू नका. शिसं किंवा प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं नाकाला कळत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते, आणि म्हणूनच चिन्ह आणि परवाना आधी बघायचा.

शेवटी तुकडे मोजा. खोक्यावर जेवढे लिहिले तेवढे हवेत. यानाचा एक सांधा कमी असला तर यान पूर्ण होत नाही आणि लेकराचा हिरमोड होतो. जोडणीचं पुस्तक चित्रांवरून समजतंय का तेही बघा.

गटाचा पैसा, गटाचा धंदा

महाग तेच चांगलं, असं मी म्हणत नाही. चिन्ह असलेले साधे भारतीय ठोकळे आपल्या आवाक्यात मिळतात. एकाच यानाच्या खोक्यापेक्षा साध्या ठोकळ्यांचा मोठा संच जास्त दिवस पुरतो. आठ बोंडांचे एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे एकमेकांत एक्क्याण्णव कोटींहून जास्त प्रकारे जोडता येतात, हे गणित मांडून झालेलं आहे. चित्रातलं यान एकदाच बनतं. लेकराच्या डोक्यातली यानं संपत नाहीत.

म्हणून एक सुचवते. दहा घरांनी दहा हलकी खोकी घेण्यापेक्षा गटाने मिळून एक चांगली खेळणी-पेटी घ्यावी. बचतीच्या वहीसारखी तिची वही ठेवावी. पेटी कुणाकडे गेली, तुकडे किती गेले, किती आले. परत आली की कोमट साबणाच्या पाण्यात हाताने धुवावी. पाणी अंगाला सोसेल एवढंच, चाळीस अंशांच्या आत. उकळलं तर ठोकळे वाकतात आणि मग बसत नाहीत.

यात्रेत खेळण्यांचा स्टॉल लावायचा विचार काही गट करतात. त्यांनी हे लक्षात ठेवावं, की कायद्याने चिन्ह नसलेलं खेळणं बनवणंच नाही, तर विकणं, साठवणं आणि विक्रीसाठी मांडणंही चालत नाही. 'आम्हाला ठोक व्यापाऱ्याने दिलं' हे उत्तर पुरत नाही. ठोक माल घेताना परवान्याचा आकडा तपासा आणि पक्कं बिल घ्या. बिल नाही तर माल नाही. हाताने बनवलेल्या खेळण्यांना सवलत आहे, पण त्यासाठी कारागिराची केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असावी लागते. कापडाच्या बाहुल्या करणाऱ्या गटांनी आधी ही नोंदणी करून घ्यावी.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बीआयएस केअर ॲपवरही तक्रार करता येते. तरी दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. फक्त पावती हवी.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातलं एक खेळणं पिशवीत घालून आणा. सोबत दहा रुपयांचं नाणं, थोडा कापूस आणि एक ओलं फडकं असू द्या. एकेक खेळणं सगळ्यांसमोर तपासा. जे पास होईल ते लेकराला परत द्या. जे होणार नाही ते बाजूला काढा, आणि पावती असेल तर दुकानदाराला जाऊन विचारा.